लेआउटच्या कमानीआत कोण राहणार?

साहित्य मंडळाच्या ई-अंकात प्लॉट, लेआउट आणि बिल्डर यांच्यावर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. कवितेला पानं कमी पडतात आणि हा गुंठ्यांचा हिशोब मांडून बसला, असंही कुणी म्हणेल. पण मित्रमैत्रिणींनो, आपल्या मंडळात येणाऱ्यांपैकी किती जणांचा पत्ता दर जूनमध्ये बदलतो ते एकदा मोजा. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर इकडून आलेली आपण पोरं दहा बाय दहाच्या खोलीत तिघं-चौघं राहतो. भाडं वाढलं की गॅस, गादी आणि पुस्तकांची पिशवी उचलून पुढच्या गल्लीत जातो. आपल्या गोष्टींत, कवितांत घर सारखं येतं. मग ते घर शहरात कुणाला मिळावं, हे ठरवणारे नियमही आपल्याला ठाऊक असायला हवेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कलबुर्गी आणि बीदर या दोन्ही शहरांत आता जे नवे लेआउट पडतायत, त्या प्रत्येकात काही हिस्सा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखून ठेवणं कायद्यानं सक्तीचं व्हावं. गावाबाहेर वेगळी वसाहत करून चालणार नाही, हिस्सा त्याच कमानीच्या आत पाहिजे. आणि हे आत्ताच व्हायला पाहिजे, जमीन अजून बऱ्यापैकी स्वस्त आहे तोवर. पुणे-मुंबईनं हे उशिरा केलं, अर्धवट केलं, आणि त्याचं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आता जरा मुळापासून बघू. सेडम रस्ता घ्या, आळंद रस्ता घ्या, हुमनाबाद रस्ता घ्या. काल-परवापर्यंत जिथं तूर उभी असायची तिथं आज खुंट्या रोवल्यात, मुरुमाचे रस्ते टाकलेत आणि पुढं एक मोठी कमान उभी केलीय. शेतजमीन एकराच्या भावानं घेतली जाते आणि साईट चौरस फुटाच्या भावानं विकली जाते. या दोन भावांमध्ये जो फरक आहे, तो सगळा काही लेआउट पाडणाऱ्याच्या अकलेतून किंवा घामातून आलेला नसतो. रिंग रोड सरकारनं केला. केंद्रीय विद्यापीठ कडगंचीला आलं, ते सरकारनं आणलं. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, तिला तर कितीतरी वर्षं लोकांच्या कराचा पैसा लागला. पाण्याची पाईप, विजेचे खांब, बसचा थांबा, सगळं सार्वजनिक. या सगळ्यामुळं जमिनीचा भाव चढतो. म्हणजे भाव चढवण्यात सगळ्या गावाचा हात आहे, मग चढलेल्या भावातला थोडा वाटा गावाला परत यायला नको का?

आणि हे तत्त्व आपण आधीच मान्य केलेलं आहे. लेआउटला मंजुरी देताना रस्त्यांची जागा, बागेची जागा, नागरी सुविधांची जागा सोडावी लागते. ती सोडल्याशिवाय नकाशा पास होत नाही. तेव्हा कुणी म्हणत नाही की ‘माझी जमीन, मी बाग का सोडू?’ मुलांना खेळायला मैदान पाहिजे हे सगळ्यांना पटतं. मग त्या लेआउटमधल्या घरांत भांडी घासणारी बाई, वॉचमन, गवंडी, अंगणवाडीची मदतनीस, ऑटोवाला, पहिल्या नोकरीला लागलेला आपल्यासारखा पोरगा, यांना राहायला जागा पाहिजे हे का पटू नये? मी बऱ्याच लेआउटची माहितीपत्रकं जमवून पाहिली. बाग होती, देऊळ होतं, जॉगिंग ट्रॅक होता, सीसीटीव्ही होते. गरिबाच्या नावाची साईट एकातही दिसली नाही.

माझे वडील गवंडी आहेत. आमच्या तालुक्यातली निम्मी गवंडी माणसं पुण्यात आहेत. हिंजवडी, वाकड, वाघोली ही नावं मी शाळेत शिकलो नाही, वडिलांच्या फोनवरून शिकलो. ज्या इमारतीचं काम चालू असतं तिच्याच शेजारी पत्र्याच्या खोल्या असतात. इमारत पुरी झाली की पत्रे निघतात आणि माणसं पुढच्या साईटवर जातात. यात नवल काही नाही, सीमाभागातल्या घराघरांतली ही गोष्ट आहे. मी ती इथं सांगतोय ती रडगाणं म्हणून नाही. घर बांधणारा माणूस कुठं राहणार, हा प्रश्न नकाशा पास होतानाच विचारायचा असतो, स्लॅब पडल्यावर तो विचारून उपयोग नाही.

आपल्या देशात हा प्रश्न कागदावर विचारला गेलेला आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. २००५ साली केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना आली. शहरांनी करायच्या सुधारणांची एक यादी त्या योजनेत होती. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक गृहप्रकल्पात विकसित जमिनीपैकी २० ते २५ टक्के जमीन आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखावी, हे त्या यादीत होतं. २००७ च्या राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण आणि अधिवास धोरणातही तसंच म्हटलं होतं: १० ते १५ टक्के जमीन किंवा २० ते २५ टक्के चटई क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते. पण धोरण म्हणजे सल्ला. सल्ला ऐकायचा की नाही, हे राज्यांनी आपापलं ठरवलं.

गरज किती होती तेही पाहा. २०१२ ते २०१७ या काळासाठी केंद्रानं नेमलेल्या तांत्रिक गटानं शहरी भारतात सुमारे १ कोटी ८८ लाख घरं कमी आहेत असा अंदाज काढला. त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त कमतरता दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतली होती. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांतली सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी सापडली! म्हणजे कुलूप लावलेली घरंही आहेत आणि घर नसलेली माणसंही आहेत. बाजाराला मोकळं सोडलं की तो ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्यासाठीच बांधतो. यात बाजाराला शिव्या देण्यासारखं काही नाही, त्याचा स्वभावच तो. म्हणून तर नियम लागतो.

आता सीमेपलीकडं बघू. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्यातलेच तालुके होते. राज्यं बदलली तसे नियमही बदलले. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘सर्वसमावेशक गृहनिर्माण’ म्हणून एक नियम आणला. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांत, चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्रकल्प करायचा असेल तर २० टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी. प्लॉट पाडत असाल तर ३० ते ५० चौरस मीटरचे लहान प्लॉट ठेवा, इमारत बांधत असाल तर त्याच मापाच्या सदनिका बांधा. किंमत मनमानी लावता येत नाही आणि लाभार्थी म्हाडाच्या सोडतीतून येतात. त्या बदल्यात बांधकाम करणाऱ्याला जास्तीचं चटई क्षेत्र मिळतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, तिच्यातही हा नियम राहिला. पुणे म्हाडाच्या सोडतीत ‘२० टक्के योजना’ म्हणून जी घरं येतात, ती हीच. पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या भागातल्या काही लोकांनी तिथं अर्ज भरलेले मला माहीत आहेत. ज्या सोसायटीत बाजारभावानं घर घेण्याचं स्वप्नही पडलं नसतं, तिथं सोडतीतून एखाद्याचा नंबर लागतो. म्हणजे नियम चालू शकतो.

पण तो कुठं अडकतो, तेही शिकण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, दहा लाखांची अट. आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं मराठी शहर सोलापूर. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या होती ९ लाख ५१ हजार. पन्नास हजारांनी शहर नियमाच्या बाहेर! आणि सोलापूर हे कसलं शहर? यंत्रमाग कामगारांचं आणि विडी कामगार बायकांचं. ज्या शहराला नियमाची सगळ्यात जास्त गरज, तेच अटीत बसलं नाही. मग तिथं काय झालं? कामगारांनी स्वतः संघटना करून घरं मिळवली. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं कुंभारीला विडी कामगारांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, त्यांचं वाटप २००६ साली झालं. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहिलं, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. ही कामगिरी लहान नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर पक्कं घर झालं, याला मी मनापासून सलाम करतो. तरीपण एक प्रश्न उरतोच. तीस हजार कुटुंबं एकाच बाजूला, शहराबाहेर. शहराच्या आतल्या नव्या सोसायट्यांत मात्र एकही नाही. बसचं भाडं, दवाखान्याचं अंतर, मुलांची शाळा, कामाची जागा, याचा भार त्या कुटुंबांवरच पडतो. प्रत्येक नव्या प्रकल्पात थोडा थोडा हिस्सा आधीपासून ठेवला असता तर सगळी माणसं एका माळावर गोळा करायची वेळ कदाचित आली नसती.

दुसरी अडचण चार हजार चौरस मीटरची. हे माप म्हणजे जवळजवळ एक एकर, चाळीस गुंठ्यांना थोडं कमी. हद्द ठरली की हद्दीच्या अलीकडं थांबायची युक्ती सुचतेच. मोठ्या जमिनीचे कागदावर तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा हद्दीच्या आत बसवायचा आणि वेगवेगळी परवानगी घ्यायची, असे आरोप नाशिकमध्ये झाले. जी घरं म्हाडाकडं यायला हवी होती ती आलीच नाहीत, म्हणून २०२२ साली हा विषय विधिमंडळात चांगलाच गाजला. म्हणजे नियम होता, घरंही उभी राहत होती, पण कोणत्या प्रकल्पातून किती घरं येणं आहेत याची वही रोजच्या रोज कुणी लिहीत नव्हतं.

तिसरा धडा मुंबईचा, आणि तो याहून जुना. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शहरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती सरकारजमा व्हायची, नाहीतर लहान घरं बांधायच्या अटीवर सूट मिळायची. सूट पुष्कळांनी घेतली, अट पाळणारे थोडे. २००७ साली महाराष्ट्रानं कायदाच रद्द केला. पवईचं प्रकरण तर प्रसिद्ध आहे. १९८६ साली सरकार, प्राधिकरण आणि विकासक यांच्यात तिहेरी करार झाला. जमीन नाममात्र भाड्यानं, आणि अट अशी की ४० आणि ८० चौरस मीटरची घरं बांधायची. तिथं जे उंच, आलिशान नगर उभं राहिलं ते सिनेमांत आपण सगळ्यांनी पाहिलंय. शेवटी लोक कोर्टात गेले, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आधी ती तीन हजारांहून जास्त लहान घरं बांधा, मग बाकीचं बांधकाम. करार ते आदेश, मध्ये सव्वीस वर्षं गेली. सव्वीस वर्षांत भाड्याच्या खोलीत जन्मलेल्या पोराला स्वतःची पोरं होतात.

आता कुणी म्हणेल, ‘पुण्या-मुंबईचं इथं काय सांगतोस? आपल्याकडं टॉवर कुठं आहेत? आपल्याकडं साईट विकतात.’ बरोबर. आणि म्हणूनच आपल्याकडं हे काम सोपं आहे. समजा चार एकरांचा लेआउट आहे. म्हणजे सुमारे सोळा हजार चौरस मीटर. रस्ते, बाग, सुविधा सोडून विकायला साधारण निम्म्याहून थोडी जास्त, समजा नऊ हजार चौरस मीटर जमीन राहिली. तिचे वीस टक्के म्हणजे अठराशे चौरस मीटर. पंचेचाळीस चौरस मीटरची एक लहान साईट धरली, म्हणजे आपल्या भाषेत साधारण सोळा बाय तीसची, तर चाळीस कुटुंबांची सोय झाली. उरलेल्या बहात्तरशे चौरस मीटरमध्ये तीस-चाळीसच्या चौसष्ट-पासष्ट साईट निघतात, त्या बाजारभावानं विका ना! वीस टक्के जमिनीत चाळीस कुटुंबं, ऐंशी टक्क्यांत पासष्ट. लहान साईटची ताकद अशी असते.

आणि लहान साईट मिळाली की पुढची दारं उघडतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतः घर बांधणाऱ्या दुर्बल कुटुंबाला केंद्राचे दीड लाख रुपये मिळायचे, पण घर बांधायला स्वतःच्या नावाची जमीन लागायची. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला ते दार बंद. सरकार विटांचे पैसे द्यायला तयार, पण विटा ठेवायला जागा नाही! शहरातली गरिबी बरीचशी इथंच अडते. घर माणूस हळूहळू बांधतो. आधी एक खोली, मग पुढं पडवी, मुलगा कमावता झाला की वर मजला. आपल्या आईवडिलांनी गावात घरं अशीच बांधली. जमीन मात्र हळूहळू मिळत नाही, ती एकदाच मिळावी लागते.

आक्षेप आहेत, आणि ते नीट ऐकले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की वीस टक्के गेले तर लेआउटवाला ते पैसे बाकीच्या गिऱ्हाइकांकडून काढणार, म्हणजे मास्तर, क्लार्क, पोलीस यांना साईट महाग पडणार. हा आक्षेप खरा ठरू शकतो, नियम अचानक लादला तर. ज्यानं महाग जमीन आधीच घेऊन ठेवलीय तो तोटा दुसऱ्यावर ढकलणारच. पण नियम आधी जाहीर केला, दोन वर्षांनी लागू केला, तर जमीन घेतानाच खरेदीदार हिशोब करतो की यातले वीस टक्के स्वस्तात जाणार आहेत, म्हणून शेतजमिनीला भाव तेवढा कमी देतो. म्हणजे भार बराचसा जमिनीच्या फुगलेल्या भावावर पडतो. हां, मग शेतकऱ्याचं काय? लहान शेतकऱ्याची तक्रार मला समजते, आमचीही दोन एकर कोरडवाहू आहे. पण आपल्या भागात शेतकऱ्याच्या हातून जमीन जाते ती बहुतेक वेळा शेताच्या भावानं, आणि लेआउटचा भाव निघतो तो मधल्या दोन-तीन हातांनंतर. चटका बसलाच तर या मधल्या हातांना जास्त बसेल. शिवाय महाराष्ट्रासारखं जास्तीचं बांधकाम किंवा मंजुरीच्या शुल्कात सवलत देता येते.

दुसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. ‘तसली माणसं’ शेजारी आली की आपल्या साईटचा भाव पडेल, वातावरण बिघडेल. ‘तसली’ या शब्दात पैसा असतो, जात असते, धर्मही असतो. आपल्या भागात भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारतात, हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी अनुभवलंय. मी त्या मालकांची नावं घेणार नाही, नावांनी प्रश्न सुटत नाही. पण हा प्रश्न फक्त आपला नाही, हे दाखवायला एक लांबची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. पिढ्यान् पिढ्या तिथं राहणाऱ्या काळ्या कुटुंबांना परवडणारी थोडी घरं बांधायची होती. गावाच्या नियमात ती बसत नव्हती. १९७० साली त्यांच्या चर्चमध्ये सभा भरली आणि तिथं महापौरांनी येऊन सांगितलं की ज्यांना इथं राहणं परवडत नाही त्यांनी हे गाव सोडावं. पूर्वजांपासून तिथं असलेल्या माणसांना, त्यांच्याच देवळात! एथेल लॉरेन्स नावाच्या शिक्षिका आणि त्यांच्याबरोबरची माणसं कोर्टात गेली. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कोणत्याही गावाला असे नियम करता येणार नाहीत ज्यांनी गरीब आपोआप बाहेर राहतील. प्रत्येक गावानं आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. १९८३ साली हाच निकाल आणखी कडक केला. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची घरं त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली. पुढं डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं अभ्यास केला. शेजारच्या घरांचे भाव त्यामुळं पडले नाहीत, गुन्हे वाढले नाहीत, आणि त्या घरांत राहायला आलेल्या कुटुंबांचं मात्र बरं झालं. २०१३ साली हा अभ्यास पुस्तकरूपानं आला. भीती किती मोठी होती आणि प्रत्यक्षात काय झालं, याचं हे उदाहरण.

अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीनं १९७४ पासून मोठ्या प्रकल्पांत परवडणाऱ्या घरांचा हिस्सा सक्तीचा केला. त्यांच्याकडूनही एक चूक शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला त्या घरांच्या विक्रीवर पाचच वर्षांचं बंधन होतं. पाच वर्षं झाली की घर बाजारभावानं विकता यायचं, आणि स्वस्त घर स्वस्त राहायचं नाही. म्हणून त्यांना मुदत वाढवत न्यावी लागली, ती पुढं तीस वर्षांवर गेली.

हे सगळं एकत्र धरून मला आपल्या दोन शहरांसाठी पाच गोष्टी सुचतात. एक, लोकसंख्येची अट नको. २०११ ला कलबुर्गी साडेपाच लाखांच्या आत होतं आणि बीदर सव्वादोन लाखांच्या आत. दहा लाखांची वाट बघत बसलो तर तोवर सगळी शेतं विकली जातील. दोन, जमिनीचे तुकडे मोजू नका, मूळ सर्व्हे नंबर मोजा. एका मालकाच्या किंवा एकाच कुटुंबाच्या लगतच्या जमिनीवर ठरावीक वर्षांत जेवढे लेआउट पडतील ते सगळे मिळून एकच धरावेत. तीन, लहान साईट त्याच लेआउटच्या आत पाहिजेत, शेवटच्या नाल्याकाठी नकोत. आणि आधी त्यांचं वाटप, मग बाकीच्या साईटची विक्री. पवईनं हाच क्रम उलटा केला होता. चार, साईट घराच्या बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावी आणि वीस-पंचवीस वर्षं ती विकता येऊ नये. विकायचीच वेळ आली तर प्राधिकरणानंच ठरावीक भावानं परत घ्यावी. पाच, वही उघडी ठेवा. २०१६ च्या रेरा कायद्यानं प्रकल्पांची नोंदणी होतेच, प्लॉटच्या प्रकल्पांचीही. त्याच पानावर एक ओळ वाढवा: या प्रकल्पात गरिबांसाठी किती साईट येणं होत्या, किती दिल्या. नाशिकमध्ये जे मंत्र्यांना विधिमंडळात सांगावं लागलं, ते कुणालाही मोबाईलवर दिसलं पाहिजे.

आणि विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक जास्तीची मागणी. मालकीच्या साईटइतकीच भाड्याच्या खोल्यांची गरज आहे. परगावचा विद्यार्थी, नर्सिंगच्या मुली, बदलीवरचे कर्मचारी यांना तीन वर्षांसाठी घर विकत घ्यायचं नसतं. वीस टक्क्यांतला थोडा भाग प्राधिकरणानं स्वतःकडं ठेवावा आणि तिथं ठरावीक भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. खोली देताना आडनाव विचारायची सोयच राहणार नाही.

हे होणार कसं? आपण काही आमदार नाही. पण शहराचा मास्टर प्लॅन बदलतो तेव्हा प्रारूप प्रसिद्ध होतं आणि नागरिकांच्या हरकती, सूचना मागवल्या जातात. त्या कागदावर सही करायला आमदार असावं लागत नाही. प्रारूप असतं कन्नडमध्ये. सीमाभागातल्या आपल्या पिढीला दोन्ही भाषा येतात, ही आपली खरी कमाई आहे. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. आपल्या आया-मावश्यांना मात्र ती नोटीस वाचता येत नाही आणि हरकत कशी लिहायची ते ठाऊक नसतं. साहित्य मंडळ दर वर्षी अनुवादाची कार्यशाळा घेतं, चांगलं काम आहे. या वर्षी कथेबरोबर एक सरकारी नोटीसही अनुवादाला घ्या. तिचं सोपं मराठी करा, वस्तीत जाऊन वाचून दाखवा, आणि लोक जे बोलतील ते नीट कन्नडमध्ये लिहून द्या. शंभर जणांनी एकच मागणी लेखी दिली तर ती फायलीत राहते, आणि फायलीत राहिलेली गोष्ट कधी ना कधी कुणाला तरी वाचावी लागते.

बसवण्णांच्या कल्याणपासून आपण फार लांब राहत नाही. अंगमेहनतीला पूजेचा मान देणारा विचार या मातीत आठ-नऊशे वर्षांपूर्वी मांडला गेला. कष्टाला मान द्यायचा असेल तर कष्टकऱ्याला पत्ताही द्यायला हवा. यापुढं एखाद्या नव्या लेआउटचं माहितीपत्रक तुमच्या हातात पडलं, तर बाग किती मोठी आहे ते जरूर विचारा. आणि त्याच दमात हेही विचारा की ही बाग झाडणाऱ्या बाईची साईट नकाशात कुठं आहे.